मिटलेला डोळा आणि सरळ मन

जपानच्या दक्षिणेला तानेगाशिमा नावाचे एक चिंचोळे बेट आहे. १५४३ साली तिथल्या किनाऱ्याला एक मोठे गलबत लागले. गलबतावर शंभराहून अधिक माणसे होती आणि त्यांची भाषा गावात कोणालाच कळेना. सुदैवाने त्यांच्यात एक चिनी पंडित होता. गावच्या मुखियाने काठीने वाळूत चिनी अक्षरे लिहिली, पंडिताने त्याखाली उत्तर लिहिले, आणि या मूक संभाषणातून उलगडा झाला की विचित्र पेहरावातले हे लोक दूर नैऋत्येकडचे व्यापारी आहेत. ते पोर्तुगीज होते. त्यांच्याजवळ दोन-तीन हात लांबीची, आतून पोकळ अशी एक वस्तू होती. ती म्हणजे तोड्याची बंदूक.

बेटाचा सरदार तोकिताका तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्याने ही विद्या शिकण्याची इच्छा दाखवली आणि तिचे रहस्य काय, असे विचारले. त्याला उत्तर मिळाले ते असे, की मन सरळ करावे आणि एक डोळा मिटावा; रहस्य एवढेच. तोकिताका म्हणे विचारात पडला. मन सरळ करावे हे तर प्राचीन ऋषींनीही सांगितले आहे, ते समजले. पण एक डोळा मिटल्यावर दूरचे अधिक स्पष्ट कसे दिसेल? त्यावर खुलासा झाला की प्रश्न अधिक पाहण्याचा नसून नेमके तेवढेच धरून ठेवण्याचा आहे. मुलगा प्रसन्न झाला. लाओत्सेने सूक्ष्म पाहण्यालाच दृष्टीची निर्मळता म्हटले आहे, ते हेच ना, असे त्याने विचारले. मग भरमसाट किंमत मोजून त्याने दोन बंदुका विकत घेतल्या.

द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा आठवल्यावाचून हा प्रसंग मराठी वाचकाला वाचता येणार नाही. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, दिसतो तो केवळ पक्ष्याचा डोळा. फरक एवढाच, की अर्जुनाच्या हाती धनुष्य होते. धनुष्याभोवती आपण सहजपणे तत्त्वज्ञान गुंफतो. बंदुकीभोवती ते गुंफायचे म्हटले की आपल्याला अवघडल्यासारखे होते. युद्धकला या शब्दात तलवार बसते, दांडपट्टा बसतो, लाठी बसते, रिकामा हातही बसतो. बंदूक मात्र उंबऱ्याबाहेर राहते. ती यंत्र आहे, तिला काय साधना लागते, कोणीही भेकडाने चाप ओढावा आणि शूराला लोळवावे, अशी आपली समजूत आहे. तानेगाशिमाच्या किनाऱ्यावरचा संवाद मात्र या समजुतीच्या अगदी उलट दिशेने जातो. जपानमध्ये बंदूक पहिल्याच दिवशी तत्त्वज्ञानाचा हात धरून आली.

निदान तसे लिहून तरी ठेवले गेले. हा सगळा प्रसंग ज्या 'तेप्पोकी' नावाच्या वृत्तांतात आहे, तो १६०६ सालचा, म्हणजे घटनेनंतर त्रेसष्ट वर्षांनी लिहिलेला. लेखक नानपो बुन्शी हा झेन पंथाचा विद्वान भिक्षू. त्याने तो तोकिताकाच्या मुलासाठी, घराण्याचा गौरव व्हावा म्हणून लिहिला. आता विचार करा: पोर्तुगीज व्यापारी, मध्ये चिनी दुभाषा, तोही वाळूत अक्षरे लिहिणारा, ऐकणारा एक कुमारवयीन जपानी सरदार, आणि साठ वर्षांनी ते सारे शब्दबद्ध करणारा, कन्फ्यूशिअस-लाओत्से मुखोद्गत असलेला भिक्षू. व्यापारी बहुधा एवढेच म्हणाला असेल, की अंग स्थिर ठेव, डावा डोळा मीट आणि नळीच्या टोकावरच्या माशीकडे बघ. त्याचे 'मन सरळ कर' केव्हा झाले? वाळूत, की बुन्शीच्या लेखणीत? हा प्रश्न पुढे पुन्हा, अगदी वेगळ्या संदर्भात, उभा राहणार आहे.

बंदूक पसरली मात्र वेगाने. नळीचे मागचे तोंड पक्के कसे बंद करायचे हे तानेगाशिमाच्या लोहाराला उमगत नव्हते. दुसऱ्या वर्षी आलेल्या परदेशी कारागिराकडून ते कळले, आणि मग साकाई, कुनितोमो, नेगोरो इथे भट्ट्या पेटल्या. यांतले नेगोरो हे बौद्ध भिक्षूंचे पीठ होते. तीसेक वर्षांत ओदा नोबुनागाने नागाशिनोच्या लढाईत (१५७५) बंदुकांच्या बळावर ताकेदा घराण्याचे सैन्य मोडून काढले. तिथे तीन रांगांनी आळीपाळीने बार काढले ही सुप्रसिद्ध कथा आज बहुतेक इतिहासकार मानत नाहीत. पण तो आपला विषय नव्हे. आपला विषय असा, की एवढ्या अवधीत बंदूक चालवण्याची 'घराणी' तयार झाली. घराणी हा शब्द मी आपल्या संगीतातून जाणूनबुजून उचलतो आहे. गुरू, शिष्य, गोपनीयतेची शपथ, टप्प्याटप्प्याने हाती पडणाऱ्या गुंडाळ्या, आणि शेवटी फक्त पट्टशिष्याला कळणारे मर्म, असा तो सगळा थाट होता. या विद्येला 'होजुत्सु' म्हणत. तलवारीच्या आणि भाल्याच्या विद्येसारखीच ती एक शस्त्रविद्या होती.

यात नुसते कर्मकांड होते असेही नाही. जपानी बंदुकीचा दस्ता आखूड असे. तो खांद्याला न लावता गालाशी धरत. म्हणजे धक्का पेलायला खांदा नाही. तो हातांतून, कंबरेतून, बसण्याच्या ढबीतून जिरवायचा. त्यातच तोडा धुमसतोय, रंजकाचा भडका डोळ्यापासून वीतभर अंतरावर उडणार आहे, आणि तरी पापणी लवता कामा नये. बंदूक ठासायची, गज मारायचा, रंजक भरायची, झाकण सरकवायचे, तोडा फुंकायचा, आणि एवढी उठाठेव झाल्यावर श्वास शांत करून नेम धरायचा. ज्याला साधना म्हणतात ती आणखी वेगळी काय असते? इनातोमी घराण्याच्या सचित्र पोथ्यांत नेमबाजांच्या आकृती जवळजवळ विवस्त्र, केवळ लंगोटीवर काढलेल्या आहेत. कारण सरळ आहे. गुडघा कुठे टेकला, कोपर कुठे टेकवले, पाठीचा कणा कसा आहे, हे कपड्यांआड झाकले जाऊ नये. त्या पोथ्यांत बंदुकीइतकेच महत्त्व शरीराला आहे.

या घराण्याचा मूळपुरुष इनातोमी इचिमू याची हकिगत मला या सगळ्या इतिहासाच्या मध्यभागी ठेवावीशी वाटते. तो होसोकावा ताडाओकी या बड्या सरदाराच्या पदरी होता. बंदुकीच्या विद्येत त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता. १६०० सालच्या उन्हाळ्यात, सेकिगाहाराच्या लढाईच्या थोडे आधी, ताडाओकी तोकुगावा इएयासूच्या बाजूने मोहिमेवर गेला असताना, विरोधी पक्षाच्या इशिदा मित्सुनारीने ओसाकातल्या सरदारांची कुटुंबे ओलीस धरायचे ठरवले. ताडाओकीच्या वाड्याला वेढा पडला. आत त्याची पत्नी होती. इतिहासात ती ग्राशिया या ख्रिस्ती नावाने ओळखली जाते. वाड्याच्या रक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांत इनातोमी होता. ग्राशियाने ओलीस जायला नकार दिला. धर्माने आत्महत्या निषिद्ध, म्हणून तिने वृद्ध सेवक ओगासावारा शोसाई याच्या हातून मरण पत्करले. त्याने वाडा पेटवला आणि स्वतःही प्राण दिला. इनातोमी मात्र तिथून निसटला होता.

ताडाओकीचा संताप समजण्यासारखा होता. त्याने इनातोमीला मारण्याचा निश्चय केला. पण मध्ये पडला तो खुद्द इएयासू. असा माणूस मारला तर विद्याच बुडेल, असा त्याचा हिशेब. इनातोमी वाचला, आणि जपानच्या नव्या सत्ताधाऱ्यांना बंदूक शिकवत १६११ साली मरण पावला. त्याची परंपरा पुढे चालली, पोथ्या नकलल्या गेल्या, नवे शिष्य शपथा घेत राहिले.

मन सरळ करावे आणि एक डोळा मिटावा. इनातोमीला यातले दुसरे निश्चित येत होते. पहिल्याचे काय? युद्धकलांच्या समर्थनार्थ नेहमी केला जाणारा दावा असा, की शस्त्राच्या साधनेने माणूस घडतो. हात स्थिर झाला की चित्त स्थिर होते आणि चित्त स्थिर झाले की चारित्र्य. हात आणि चित्त यांच्यापर्यंत मला हे पटते. तिसरी पायरी मात्र इनातोमीच्या पायाखाली नव्हती. जो आगीच्या भडक्यापुढे पापणी लवू देत नसे, तो वेढ्यातून पळाला. उलट ज्या म्हाताऱ्या ओगासावाराने शब्द पाळला, त्याच्या नावाने बंदुकीचे घराणे चालल्याचे कोणी ऐकलेले नाही.

असो. पुढे अडीचशे वर्षांची शांतता आली. या काळात जपानने बंदूक त्यागली, सामुरायांनी तलवारीच्या प्रेमापोटी ती मागे सारली, अशी एक अतिशय लोकप्रिय मांडणी आहे. नोएल पेरिन या अमेरिकन लेखकाच्या १९७९ सालच्या छोटेखानी पुस्तकाने ती जगभर पोहोचवली. अण्वस्त्रांच्या छायेत जगणाऱ्या वाचकांना तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते: बघा, एका देशाने शस्त्र परत डब्यात घातले! दुर्दैवाने ती टिकत नाही. बंदुका खेडोपाडी शेतकऱ्यांच्या घरांत होत्या, रानडुकरे आणि हरणे हाकलण्यासाठी. १६८७ साली शोगुन त्सुनायोशीने त्यांची देशभर झडती घेऊन नोंद करवली. काहींना फक्त आवाजापुरती, म्हणजे दारू भरून पण गोळी न घालता, वापरण्याची परवानगी मिळाली. डेव्हिड हॉवेल या इतिहासकाराने २००९ साली लिहिलेल्या निबंधात बंदुकीचे हे शेतीच्या अवजारासारखे जीवन तपशिलाने दाखवले आहे. तेव्हा बंदूक टाकली वगैरे काही नाही. तिचे दोन तुकडे झाले, एवढेच. शेतकऱ्याकडे राहिला बार, आणि सामुरायाकडे राहिली विद्या.

ही विद्या शांततेत जशी व्हायची तशीच झाली. शाखांना उपशाखा फुटल्या, दारूची पाककृती हे गुह्य झाले, ढबींची संख्या वाढली. लढाईच नव्हती, तेव्हा कोणती ढब खरी हे ठरणार कसे? १८४१ साली नागासाकीच्या ताकाशिमा शूहानने एदोजवळच्या तोकुमारुगाहाराच्या मैदानावर शोगुनच्या अधिकाऱ्यांपुढे एक प्रात्यक्षिक केले. डच पुस्तके आणि डच बंदुका यांवरून तयार केलेली सुमारे शंभर माणसांची तुकडी एका हुकुमासरशी वळत होती, एका हुकुमासरशी बार काढत होती. जुन्या घराण्यांच्या आचार्यांना हे पोरखेळासारखे वाटले; यात विद्या ती कसली? आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते. शूहानच्या तुकडीतला एकटा माणूस इनातोमीच्या शिष्यापुढे बहुधा टिकला नसता. पण त्याला एकटे उभे राहायचेच नव्हते. पुढच्याच वर्षी शूहानला कैद झाली, दहा-अकरा वर्षांनी सुटका झाली; तोवर अमेरिकन आरमार दारात उभे होते. आज त्या मैदानावर तोक्योमधली दाट वस्ती आहे, आणि तिचे नाव ताकाशिमादाइरा आहे.

मेइजी काळात सामुराय वर्ग संपला तेव्हा जुन्या विद्यांपुढे जगण्याचा प्रश्न उभा राहिला. कानो जिगोरोने १८८२ साली कोदोकान स्थापून जुजुत्सूचा ज्युदो केला. 'जुत्सु' म्हणजे कौशल्य, 'दो' म्हणजे मार्ग. याच वाटेने तलवारीचे केन्दो झाले, धनुष्याचे क्यूदो झाले. होजुत्सूचे 'होदो' काही झाले नाही. याचे कारण बंदुकीत साधना नव्हती हे नव्हे. कारण असे, की बंदूक अजून कामात होती. तलवार आणि धनुष्य युद्धाच्या दृष्टीने निकामी झाले होते, म्हणून त्यांना मार्ग होणे परवडले. बंदूक सक्तीच्या सैन्यभरतीतल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराच्या हाती गेली. फुकुओकाच्या यो-र्यूसारखी मोजकी घराणी जुन्या बंदुकांनिशी, उत्सवांत गोळीविना बार काढत टिकून आहेत. आणि एक मोठा विनोद असा, की आज जपानमध्ये मान्यता पावलेल्या नऊ आधुनिक 'बुदो'ंमध्ये बंदूक आहे! जूकेन्दो हे तिचे नाव. मात्र तिथे बंदूक लाकडी असते, तिच्यातून काही सुटत नाही. संगिनीच्या जागी तिचे टोक प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर खुपसायचे असते. थोडक्यात, बंदुकीला मार्ग व्हायचे असेल तर आधी भाला व्हावे लागते.

आता वाळूतल्या अक्षरांचा तो प्रश्न. १९२४ साली ओइगेन हेरिगेल हा जर्मन प्राध्यापक तत्त्वज्ञान शिकवायला सेंदाईच्या विद्यापीठात आला. त्याला झेन शिकायचे होते. कोणी तरी सुचवले की त्यासाठी एखादी कला धरावी. त्याने धनुर्विद्या निवडली. का? तर त्याला बंदूक आणि पिस्तूल चालवण्याचा सराव होता, त्याचा इथे उपयोग होईल असे वाटले. धनुर्विद्येवरच्या त्याच्या पुस्तकाने (१९४८) झेनविषयीच्या पाश्चात्त्य कल्पना घडवल्या, पण त्यातले हे पिस्तूल सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. गुरू आवा केन्झो त्याला सांगत, की बाण तू सोडायचा नाही. तो सुटला पाहिजे. हेरिगेलला ते काही केल्या जमेना. मग एका सुट्टीत त्याने युक्ती शोधली. बंदुकीत तर्जनी अगदी हळूहळू वाकवत नेतात आणि कोणत्या क्षणी चाप दबेल हे आपल्यालाच कळू देत नाहीत; तसाच अंगठ्यावरचा दाब सैल करत नेला. बाण छान सुटू लागले. गुरूंनी दोन बाण पाहिले, धनुष्य काढून घेतले आणि पाठ फिरवून बसले. फसवणूक केली म्हणून शिकवणी बंद होण्यापर्यंत पाळी आली.

मला हा प्रसंग फार अर्थपूर्ण वाटतो. हेरिगेलने तो स्वतःचे अपराधकथन म्हणून लिहिला आहे. पण चाप ओढू नको, दाबत राहा, बार उडाल्याचे तुझे तुलाच आश्चर्य वाटले पाहिजे, ही शिकवण कोणताही हवालदार नव्या भरतीला देतो. ती झेन नव्हे, कसब आहे. आणि तरीही 'बाण आपोआप सुटावा' याहून ती वेगळी कशी, हे मला नीटसे सांगता येणार नाही. आवांच्या मते हेतू वेगळा होता. असेलही. यामादा शोजी या जपानी संशोधकाने २००१ साली या पुस्तकाची कठोर चिकित्सा केली. आवा हे झेन साधक नव्हतेच, त्यांचा स्वतःचा वेगळा पंथ होता. आणि अंधारात मारलेल्या दुसऱ्या बाणाने पहिला बाण चिरला त्या अद्भुत रात्री गुरू-शिष्यांमध्ये दुभाषा हजरच नव्हता, हे त्याने दाखवून दिले. १५४३ मध्ये परदेशी माणसाचे तंत्र जपानी कानाला तत्त्वज्ञान म्हणून ऐकू आले. चारशे वर्षांनी जपानी गुरूचे बोलणे परदेशी कानाला झेन म्हणून ऐकू आले. दोन्ही वेळा अर्थ पुरवला तो मधल्या रिकाम्या जागेने. हेरिगेलविषयी आणखी एक नोंद आवश्यक आहे: मायदेशी परतल्यावर १९३७ साली तो नाझी पक्षाचा सदस्य झाला आणि युद्धाच्या अखेरीस एर्लांगेन विद्यापीठाचा कुलगुरू होता. बाण सरळ गेल्याने मन सरळ झाल्याचा पुरावा इथेही मिळत नाही.

ज्या वर्षांत हेरिगेल सेंदाईत धनुष्य ताणत होता, त्याच वर्षांत शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीतला एक इंग्रज पोलीस अधिकारी उलट्या दिशेने चालला होता. विल्यम फेअरबेर्न याचे नाव. १९२६ साली त्याला कोदोकानचा काळा पट्टा मिळाला. ज्युदोतून त्याने उचलले ते एवढेच, की भीतीच्या क्षणी शरीर जे नैसर्गिकपणे करते त्याच्या विरोधात शिकवू नये. अंधाऱ्या बोळात, चार हातांवरून हल्ला होतो तेव्हा माणूस वाकतो, दोन्ही डोळे विस्फारतो, मूठ घट्ट आवळतो. मग पिस्तूलही तसेच, माशीकडे न बघता, दोन्ही डोळे उघडे ठेवून चालवावे. साइक्स या सहकाऱ्याबरोबर १९४२ साली लिहिलेल्या पुस्तकात हे आहे. तत्त्वज्ञानाचा लवलेश त्यात नाही, आणि म्हणूनच ते वाचताना अंगावर काटा येतो. पुढे अमेरिकेत जेफ कूपर या निवृत्त मरीन अधिकाऱ्याने पुन्हा माशी, पुन्हा ढब, पुन्हा नकळत दबणारा चाप यांची शिस्तबद्ध पद्धत बांधली, १९७६ साली ॲरिझोनात शाळा काढली, त्याच वर्षी मिझूरीतल्या परिषदेत 'प्रॅक्टिकल शूटिंग'ची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. मनाच्या सावधपणाला त्याने रंगांच्या पायऱ्या दिल्या. पिस्तूल ही आधुनिक युद्धकला आहे असे आज जे म्हणतात, ते बहुधा कूपरच्याच परंपरेतले असतात. घराणे म्हणून ते खरेच आहे: गुरू आहे, ढब आहे, परिभाषा आहे, भक्तही आहेत. माझी अडचण एवढीच, की त्या देशात कला हा शब्द पुष्कळदा परवान्यासारखा वापरला जातो.

आपल्याकडे दसऱ्याला पोलीस ठाण्यांत बंदुकांवरही हळदकुंकू पडते, पण बंदुकीची आखाडी परंपरा मात्र दिसत नाही. कोल्हापूरचे मर्दानी खेळ प्रसिद्ध आहेत. तिथे दांडपट्टा आहे, फरी-गदगा आहे, विटा आहे. त्याच कोल्हापूरने २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत दिली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत दिली, २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे दिला. त्यांना आपण खेळाडू म्हणतो; युद्धकलेचे साधक म्हणावे असे कोणाच्या मनात येत नाही. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या निशाणाचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यासाठी श्वास आणि नाडी यांच्या मधली निश्चल जागा शोधावी लागते. इनातोमीच्या पोथीतल्या त्या लंगोटीवरच्या आकृतींना हे लगेच ओळखीचे वाटले असते.

डोळा मात्र आता मिटत नाहीत. एक पापणी दाबून धरली की चेहऱ्याचे स्नायू आखडतात आणि त्याचा ताण नेम धरणाऱ्या डोळ्यावरही येतो. म्हणून टोपीला किंवा चष्म्याला एक लहानशी अपारदर्शक पट्टी अडकवतात. तिच्याआड दुसरा डोळा उघडाच असतो.